रिचार्जेबल सेलवरचा एलईडी डायव्ह टॉर्च: कसा निवडायचा, सेल कुठला घालायचा, चार्ज कसा करायचा

नवीन डायव्हर टॉर्च घ्यायला निघाला की पहिला प्रश्न हमखास "किती लुमेनचा घेऊ?" हाच असतो (लुमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप), आणि माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. आधी हे ठरवा की पाण्याखाली टॉर्च किती मिनिटं नक्की चालायला हवा, मध्येच गेला तर हाताशी दुसरं काय आहे, आणि त्यातला सेल तुम्ही कुठून आणणार नि कशावर चार्ज करणार. आजकालचे एलईडी स्वतःहून क्वचित जातात, टॉर्च बंद पडतो तो सेलमुळे, ओ-रिंगमुळे (पाणी रोखणारी रबरी कडी) नाहीतर स्विचमुळे, म्हणून खाली सेलवरच सगळ्यात जास्त लिहिलंय, कंटाळा न करता वाचा.

पायरी १: काम कुठलं ते ठरवा, त्यावरून बीम (उजेडाचा झोत)

टॉर्च फक्त रात्रीच लागतो असं नाही. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच-दहा मीटरवर लाल गोष्टी काळपट-करड्या दिसायला लागतात, त्यामुळे भर दुपारीही कपारीत टॉर्च मारला की एकदम खरे रंग दिसतात. या कामाला छोटा टॉर्च पुरतो. नाईट डायव्हला मुख्य टॉर्च वेगळा आणि बॅकअप वेगळा, हे बंधनकारक समजा. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत जायचं तर त्याचं ट्रेनिंगच वेगळं असतं, तिथे माणशी किमान तीन टॉर्च हा जुना नियम आहे, एक मुख्य आणि दोन बॅकअप, आणि ते ट्रेनिंग झाल्याशिवाय नुसते टॉर्च घेऊन आत जायचं नाही.

आता बीम. पाणी गढूळ असेल तर रुंद प्रकाश उलट त्रास देतो, कारण तुमच्या डोळ्यांसमोरच्या प्रत्येक कणावर उजेड पडतो आणि तो परत तुमच्याकडेच येतो, समोर पांढरा पडदा तयार होतो आणि लुमेन वाढवले की तो पडदा आणखीनच दाट होतो. अशा पाण्यात अरुंद बीम घ्यायचा, साधारण ६ ते १५ अंशांचा, मधे घट्ट हॉटस्पॉट (जास्त उजेडाचा ठिपका) असलेला, आणि टॉर्च डोळ्यांच्या रेषेपासून बाजूला धरायचा. अरुंद बीमचा दुसरा मोठा फायदा म्हणजे खुणा करता येतात, जोडीदाराच्या समोर तळावर हळू गोल फिरवला की "ठीक आहे", आणि आडवा जोरजोरात हलवला की "इकडे बघ, अडचण आहे". रुंद बीमचा गोल कुणाला दिसतच नाही. व्हिडिओला मात्र रुंदच पाहिजे, ९० अंश किंवा जास्त, मधे चट्टा न पडणारा, आणि रंग खरे दाखवणारा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी आकडा) ९०च्या वर असेल तर उत्तम. पहिला टॉर्च घेणाऱ्याने व्हिडिओचा विचार बाजूला ठेवावा असं मला वाटतं, एकच टॉर्च दोन्ही कामं करेल म्हणून घेतला की तो दोन्हीकडे मधलाच पडतो.

एक बारीक गोष्ट जी दुकानदारही सांगत नाहीत. सपाट काचेचा टॉर्च पाण्यात गेला की बीम आक्रसतो, कारण हवेतून पाण्यात जाताना प्रकाश आतल्या बाजूला वळतो. हवेत १२० अंशांचा बीम पाण्यात साधारण ८० होतो, ९०चा ६४च्या आसपास येतो. तेव्हा बॉक्सवर लिहिलेला कोन हवेतला की पाण्यातला ते विचारा.

पायरी २: लुमेन आणि वेळ, हिशोब स्वतः करा

हे गणित एकदा हातात बसलं की फसवणूक होत नाही. सेलवर क्षमता एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-अवर) असते, तिला हजाराने भागा आणि ३.६ने गुणा, वॉट-अवर मिळतात. ३५०० एमएएचचा एक लिथियम-आयन सेल म्हणजे १२.६ वॉट-अवर, ५००० एमएएचचा म्हणजे १८. आता चांगला एलईडी टॉर्च सगळं नुकसान धरून एका वॉटमागे ढोबळमानाने ९० ते १०० लुमेन देतो, म्हणजे १००० लुमेनला १० ते ११ वॉट. १२.६ भागिले ११ केलं की एक तास आणि वर थोडी मिनिटं. बस्स, एवढंच.

आता हेच उलटं लावा. एका १८६५० सेलवर चालणारा "१०००० लुमेन"वाला टॉर्च दिसला तर त्याला १०० वॉट लागतील, ३.६ व्होल्टवर ते जवळजवळ २८ अँपिअर होतात, आणि ३५०० एमएएचचे चांगले सेल सतत ८ ते १० अँपिअर देतात. म्हणजे तो आकडा खोटा आहे, टॉर्च हातात न घेताही कळलं. जो माणूस लुमेन खोटे छापतो तो खोलीचा आकडा खरा छापेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

वेळेच्या आकड्यातही मेख आहे. एएनएसआय एफएल१ नावाच्या मानकात रनटाइम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत, आणि सुरुवात म्हणजे टॉर्च लावल्यानंतरचं तिसावं सेकंद. त्यामुळे "३ तास" लिहिलेला टॉर्च पहिली चाळीस मिनिटं पूर्ण आणि मग दोन-अडीच तास मिणमिणता चालला तरी तो आकडा नियमाप्रमाणे खराच. म्हणून बॉक्सवरचा नुसता आकडा बघू नका, उजेड वेळेप्रमाणे कसा उतरतो त्याचा आलेख कंपनीने दिलाय का ते बघा.

माझा सरळ सल्ला: मुख्य टॉर्च १००० लुमेनच्या आसपास, पूर्ण उजेडावर तुमच्या सगळ्यात लांब डायव्हच्या दीडपट वेळ चालणारा, आणि मधली पायरी असलेला, कारण स्वच्छ पाण्यात ४००-५०० लुमेनवरच तुम्ही बहुतेक वेळ फिराल. लुमेन दुप्पट केल्याने डोळ्यांना दुप्पट उजेड दिसत नाही, बॅटरी मात्र निम्म्या वेळात संपते. रात्री जोडीदाराच्या डोळ्यात १००० लुमेन गेले तरी काही मिनिटं त्याला काही दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

पायरी ३: सेल

लिथियम-आयन सेलची नावं म्हणजे त्यांची मापं. १८६५० म्हणजे १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी, २१७०० म्हणजे २१ बाय ७०, २६६५० म्हणजे २६ बाय ६५. पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, मधला ३.६ किंवा ३.७, आणि ३च्या खाली आला की संपला समजायचं. आज नवीन घेत असाल तर २१७००चा टॉर्च बघा, आकार किंचितच मोठा पण ४००० ते ५००० एमएएच मिळतात. १८६५०चा फायदा एवढाच की सेल आणि चार्जर जगात कुठेही मिळतो, आणि तो फायदा छोटा नाही.

आता खोटे सेल. १८६५०मध्ये ३५००-३६०० एमएएच ही चांगली क्षमता आहे, त्यावर ६८०० किंवा ९९०० लिहिलेलं असेल तर तो सेल घ्यायचा नाही, फुकट मिळाला तरी नाही. काट्यावर ठेवून बघा, अस्सल १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, ३०-३५ ग्रॅमचा निघाला तर आत अर्धाच माल आहे. मूळ सेल बनवणारे मोजकेच, पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी, मुराता, मॉलिसेल, बाकी बरेच जण यांचेच सेल घेऊन वर आपलं आवरण चढवतात, त्यातही चांगले आहेत पण विश्वासाच्या विक्रेत्याकडूनच घ्या. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल टॉर्चमध्ये घालू नका, पाण्याखाली तर अजिबातच नाही.

प्रोटेक्टेड की अनप्रोटेक्टेड, यावर नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो. हे सेल मुळात सर्किट असलेल्या पॅकमध्ये बसवायला बनतात, सुट्ट्या नुसत्या सेलला स्वतःचं काही संरक्षण नसतं. प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी एक छोटं सर्किट लावलेलं असतं, शॉर्ट झाला, जास्त करंट ओढला किंवा व्होल्टेज फार खाली गेलं की ते सेल तोडतं. यामुळे १८६५० सेलची लांबी ६८ ते ७० मिमी होते, आणि सगळ्या टॉर्चमध्ये तो बसत नाही. बसत नसेल तर झाकण जोर लावून पिळू नका, स्प्रिंग आणि सेल दोन्ही चेपतात. दुसरी बाजू अशी की सर्किटने सेल तोडला तर पाण्याखाली काहीही इशारा न देता अंधार होतो. म्हणून टॉर्चमध्येच कमी बॅटरीचा दिवा आणि पायरीपायरीने उजेड उतरवणारा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) पाहिजे, म्हणजे प्रोटेक्शनपर्यंत वेळ जातच नाही. सुरुवातीला प्रोटेक्टेडच घ्या, आणि टॉर्चच्या माहितीपत्रकात कुठला सेल सांगितलाय, टोकाला उंचवटा असलेला की सपाट, ते बघून तोच. काही टॉर्चमध्ये उलटा घातलेला सेल चालू नये म्हणून प्लसच्या बाजूला प्लॅस्टिकची कड असते, तिथे सपाट टोकाचा सेल टेकतच नाही आणि लोक टॉर्च बिघडला म्हणून परत देतात.

एकापेक्षा जास्त सेलचा टॉर्च असेल तर सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, कायम एकत्र वापरलेले आणि एकत्र चार्ज केलेले हवेत. त्यांच्यावर मार्करने खूण करून ठेवा. घालण्याआधी मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायचं यंत्र) सगळे मोजा, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर घालू नका. मालिकेत जोडलेल्या सेलमधला दुबळा आधी संपतो आणि बाकीचे त्याला उलट्या दिशेने ढकलतात, मग तो तापतो, वायू सोडतो, आणि डायव्ह टॉर्च तर चारही बाजूंनी सीलबंद, वायूला जायला जागाच नाही. असे टॉर्च फुटलेले आहेत. मल्टिमीटर महाग वस्तू नाही, टॉर्चबरोबरच घ्या.

बॅकअपसाठी माझी पसंती अजूनही एए सेलच्या साध्या टॉर्चला आहे. त्यात कमी सेल्फ-डिस्चार्जवाले निकेल-मेटल-हायड्राइड रिचार्जेबल घाला, १.२ व्होल्टचे असतात पण टॉर्चमध्ये छान चालतात, वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज टिकतो, आणि अडीनडीला कुठल्याही दुकानातले अल्कलाइन घालता येतात. अल्कलाइन घातले तर डायव्ह झाल्यावर काढून ठेवा, ते गळतात आणि वायूही सोडतात. एक धोका मात्र नीट समजून घ्या: १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एएसारखा असतो पण ३.७ व्होल्टचा, तो एएच्या टॉर्चमध्ये घातला की सर्किट जळू शकतं. दोन्ही प्रकार घरात असतील तर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

यूएसबीचं पोर्ट अंगावरच असलेले टॉर्च सोयीचे वाटतात, पण ते पोर्ट म्हणजे पाणी शिरायला अजून एक वाट, आणि खाऱ्या पाण्याचा थेंब राहिला की पिना गंजतात. सेल काढून बाहेर चार्ज करता येणारा टॉर्च जास्त वर्षं टिकतो असं माझं मत, शिवाय दुसरा सेल तयार ठेवता येतो.

पायरी ४: बॉडी आणि स्विच

आयपीएक्स८ लिहिलं म्हणजे डायव्ह टॉर्च झाला असं नाही. त्याचा अर्थ एक मीटरपेक्षा जास्त पाण्यात सतत चालेल, पण किती खोल ते कंपनीने ठरवायचं असतं. त्यामुळे मीटरमध्ये खोली लिहिलेली हवी, आणि ती तुमच्या सर्टिफिकेशनच्या मर्यादेपेक्षा दुप्पट तरी असावी, १०० मीटरवाले सहज मिळतात.

स्विचमध्ये चुंबकाची सरकणारी किंवा फिरणारी कडी मला बरी वाटते, कारण बॉडीला भोकच नसतं. तिच्याखाली वाळू अडकते, तेव्हा गोड्या पाण्यात हलवून धुवायची. बटणवाले चालतात पण ४० मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४ किलोचा जादा दाब असतो, स्वस्त बटण तिथे आपोआप दाबलं जातं. डोकं पिळून लावायचा प्रकार साधा आणि टिकाऊ, बॅकअपला उत्तम, फक्त सैल करून बंद करताना गरजेपेक्षा जास्त फिरवलं की ओ-रिंग सुटते आणि पाणी आत.

पायरी ५: चार्जिंग

चार्जर लिथियम-आयनसाठी बनलेला, प्रत्येक सेलची खाच स्वतंत्र असलेला आणि ४.२ व्होल्टला स्वतः थांबणारा हवा. १८६५०ला १ अँपिअर, २१७००ला १ ते २ पुरे, घाई करू नका. लाकूड, गादी, पिशवी यांच्यावर नाही, फरशीवर किंवा धातूच्या पत्र्यावर ठेवा, आणि तुम्ही जागे नि जवळ असताना. आवरण फाटलेला, चेपलेला, फुगलेला सेल चार्जला लावायचा नाही. दोन व्होल्टच्याही खाली बरेच दिवस पडलेला सेल पुन्हा जिवंत करायच्या नादाला लागू नका, एवढं व्होल्टेज उतरलं की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. गोठणबिंदूच्या खाली गार झालेला सेल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

बोटीवर तर जास्तच जपा. २ सप्टेंबर २०१९ला कॅलिफोर्नियाजवळ सांताक्रूझ बेटापाशी कन्सेप्शन या डायव्ह बोटीला पहाटे आग लागली, खाली झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी असे ३४ जण गेले. आग नेमकी कशाने लागली ते तपासात ठामपणे सांगता आलं नाही, पण लक्ष नसताना चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या ही त्यात नोंदवलेली एक शक्यता होती. म्हणून रात्री झोपताना चार्जर बंद, आणि बोटवाल्यांनी नेमून दिलेली जागा सोडून कुठेही चार्जिंग नको. दोन सेल जास्तीचे घेतले की रात्रीच्या चार्जिंगची गरजच राहत नाही.

चार्ज झाल्यावर सेल तासभर राहू द्या आणि मोजा. रात्रभर नुसता ठेवून ४.१च्या खाली आला तर त्याला डायव्हमधून निवृत्त करा. महिनाभर वापरणार नसाल तर ३.६ ते ३.८ व्होल्टवर, गार कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या डबीत. खिशात चाव्यांबरोबर सुटा सेल कधीच नाही.

पायरी ६: ओ-रिंग आणि पहिली चाचणी

ओ-रिंग काढायला टोकदार धातू वापरू नका, दोन बोटांनी बाजूला सरकवून उचला. स्वच्छ कापडाने पुसा, बोटातून फिरवून केस, वाळू, चीर तपासा, खाचही पुसा, आटे पुसा. ग्रीस फक्त चमक येईल एवढंच, जास्त लावलं की त्यावर वाळू चिकटते आणि सील ग्रीसने होत नाही, रबर दाबलं गेल्याने होतं. ओ-रिंग नायट्राइलची (एक प्रकारचं रबर) असेल तर सिलिकॉन ग्रीस चालतं, पण ओ-रिंगच सिलिकॉनची असेल तर त्याच ग्रीसने ती फुगते, तेव्हा कंपनीने सांगितलेलंच ग्रीस लावा. दोन ओ-रिंग असतील तर दोन्हींची काळजी सारखीच घ्यायची.

नवीन टॉर्चचा पहिला डायव्ह सेलशिवाय. आत कोरडा टिश्यू कागद घाला, क्लिप लावा (रिकामा टॉर्च तरंगू शकतो), खाली घेऊन जा, वर आल्यावर कागद कोरडा असेल तर पास. मग दुसरी चाचणी बादलीत: पूर्ण चार्ज सेल, पूर्ण उजेड, घड्याळ लावा आणि पहिल्यांदा उजेड कधी उतरला, इशारा कधी आला, पूर्ण कधी गेला हे लिहून ठेवा. तुमच्या टॉर्चचा खरा रनटाइम हाच. पाण्याबाहेर पूर्ण उजेडावर ठेवू नका, याची उष्णता पाण्यानेच निघते, हवेत काही मिनिटांत एलईडी तापतो. आणि थंड पाण्यात सेल कमी देतो, तेव्हा बादलीतल्या आकड्यातून थोडं कापूनच धरा.

प्रत्येक डायव्हला नवा चार्ज केलेला सेल. मुख्य टॉर्च गेला तर बॅकअप लावायचा, जोडीदाराला खूण करायची आणि डायव्ह संपवायचा, बॅकअपवर डायव्ह चालू ठेवायचा नाही. बॅकअप कुठे क्लिपने अडकवलाय ते डोळे मिटून हाताला सापडायला हवं, हा सराव किनाऱ्यावर करा.

पाणी शिरलंच तर

टॉर्च मिणमिणला, काचेच्या आत धुकं किंवा पाणी दिसलं की बंद करा, आणि बाहेर आल्यावर तोंडापासून लांब, झाकण कुणाच्याही दिशेला नसेल असं धरून हळू उघडा. खारं पाणी आणि सेल एकत्र आले की वायू तयार होतो आणि आत दाब साचलेला असू शकतो. टॉर्च गरम लागत असेल, फुसफुस आवाज येत असेल तर उघडूच नका, बोटीवर असाल तर लगेच चालकाला सांगा आणि तो उघड्यावर, माणसांपासून लांब ठेवा. भिजलेला सेल धुऊन पुसून पुन्हा वापरायचा नाही, कितीही नवा असला तरी. टॉर्च मात्र गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, नवीन ओ-रिंग घालून पुष्कळदा वाचतो.

विमानाने जाताना सुटे लिथियम सेल कायम हातातल्या सामानात, प्रत्येकाच्या टोकांवर चिकटपट्टी किंवा डबी. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या सहसा चालतात, १०० ते १६०साठी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि वर केलेल्या गणितावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की एकेकटा सेल या मर्यादेच्या खूप खाली असतो, मोठ्या कॅनिस्टर टॉर्चच्या (बॅटरीचा डबा वेगळा, वायरने जोडलेला) पॅकचाच प्रश्न येतो. डायव्ह टॉर्च चुकून सुरू झाला तर आग लावण्याएवढा तापतो, म्हणून त्यातला सेल काढूनच न्यायचा.

निवृत्त सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवा आणि बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या ठिकाणी द्या. भिजलेला किंवा फुगलेला असेल तर तो तिथे नेईपर्यंत घरात ठेवू नका, धातूच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात, घराबाहेर, झाकण घट्ट न लावता.